सुताराची फेरी

आधी फेरीचं सांगतो. ते कळलं नाही तर पुढचा सगळा संताप तुम्हाला म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल. महाबळेश्वराचा घाट चढायच्या आधी बैलगाड्या पोलादपुरात जिथे दम खात, तिथे रस्त्याला लागून आमची पडवी होती. पडवी कसली, कारखानाच. घरात शिरायचं तर आधी ढलप्या तुडवायच्या. माझे वडील राघो सुतार, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नवी गाडी झाली किंवा जुन्या गाडीला नवा कणा बसला, तरी मालकाने ती लगेच न्यायची नाही, असा आमच्या घराचा रिवाज. चाकावर नारळ फुटायचा, आबा ठेवणीतलं मुंडासं बांधून पुढे बसायचे, मालक बैल हाकायचा, आणि गाडी वेशीपर्यंत जाऊन परत यायची. तोवर मालकाच्या बायकापोरांनीच काय, आम्हा सुताराच्या घरच्यांनीही त्या गाडीत पाय ठेवायचा नाही. गाडी मोडणार असेल तर पहिला सुतार पडला पाहिजे, इतका सरळ त्याचा अर्थ. वेशीवरून परतले की आबा उतरून दोन्ही हात झटकायचे आणि म्हणायचे, "झालं हातावेगळं." त्याआधी पैसे मिळोत, मालक पायाला हात लावो, काम झालं असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे.

घर आवाजांचं होतं. आईचं जातं थांबायच्या आत आबांचा वाकस सुरू व्हायचा, आणि ओंडका तासताना त्याच्या ठोक्यांना अशी लय असायची की आई त्यावर भाकऱ्या थापायची. लाकूड घेताना आबा बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून कान लावत. "ह्यो बोलतो," म्हणाले की ते आढ्याला चढायचं. "ह्यो मुका," म्हणाले की ते चुलीत. ताटात नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, जमलं तर सुकट, आणि तोंडी लावायला आबांची बढाई. आबा नम्र वगैरे मुळीच नव्हते. गरीब कारागीर म्हटला की लिहिणारे त्याला मान खाली घालून बसवतात; माझा बाप मान वर करून बसायचा आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायचा. "महाडपासून पार वरपर्यंत माजी चाकं लोक कानानं ओळखतात. करकरत नाय," हे ते रोज जेवताना सांगत. आई म्हणायची, "चाकं नाय करकरत, म्हणून तुमी करकरता."

मी त्या दिवसांत महाडला एका छापखान्यात खिळे जुळवायचो आणि चळवळीची पत्रकं लिहायचो. 'बंधूंनो, झोपलात काय?' अशी सुरुवात, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. विदेशी कापडाच्या होळ्या केल्या होत्या, कोठडीतलं पिठलंही खाऊन झालं होतं. आबांना माझं सगळं पोकळ वाटायचं. "येवढा ओरडून लिवतोस, बाजूच्या भिताडाला तरी आयकू जातं का रे?" असं विचारायचे. मला ते बैलाइतकेच जुवाला सरावलेले वाटायचे. तसं एकदा तोंडावर बोललोही. ते म्हणाले, "जू मी करतो. त्याच्याखाली मान तुजा साहेबलोक घालतो का बघ जरा." यावर काय बोलायचं ते आमच्या पत्रकांत नव्हतं.

भातं कापून झाली होती. शेजारच्या कापडे गावाच्या शेतांत वालाला शेंगा धरल्या होत्या. छापखान्याला पोलिसांनी टाळं ठोकलं म्हणून मी घरी आलो होतो. एका दुपारी आभाळात घरघर झाली. विमान क्वचित जायचं, तेव्हा सगळे अंगणात आले. आणि माना वर असतानाच ती घरघर थांबली. आवाजाची भीती सगळ्यांना असते. आवाज थांबल्याची भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आईने कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने आमचा शेजारी धाकू धावत आला. तो मुंबईला गिरणीत होता, रजेवर आला की निम्मं हिंदी बोलायचा.

"राघोबा, कापड्याच्या शेतात इमान उतरला! इंजन फेल हो गया! बांधावर आपटलाय."

"मानूस?"

"मानूस ठीक हाय."

"चाकं हायत त्याला?"

"दोन हायत. येक वाकडं झालंय."

"मंग चला," आबा म्हणाले आणि हत्यारांची पिशवी खांद्याला मारली. कुणी बोलावलं नव्हतं.

शेतात अर्धा तालुका जमला होता. दुहेरी पंखांचं, पुढेमागे दोन बैठकांचं छोटं विमान नाकावर कललं होतं. बांधावर डोकं धरून वैमानिक बसला होता. गोरा असणार म्हणून मी भाषण जुळवतच गेलो होतो. पण त्याने वर पाहिलं आणि स्वच्छ मराठीत पाणी मागितलं. आपला माणूस! आपल्यातला एक तरुण आभाळ हाकत होता, आणि मी इकडे लोकांना जागं करत फिरत होतो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याने माझ्या बापाचं नाव कुठे लिहिलं नाही, फिटंफाट.

इंजिनाचं दुखणं त्याने स्वतःच काढलं. पेट्रोलच्या नळीत घाण अडकली होती, ती फुंकून साफ केली. त्याला त्याची विद्या येत होती, ते नाकारणार नाही. पण एका चाकाचा दांडा पिचला होता, खालच्या पंखाचं कापड हातभर फाटलं होतं, आणि पुढच्या लाकडी पंख्याच्या एका पात्याचं टोक तुटून गेलं होतं. विमान कुणा धनिकाचं, हा ते पोचवायला निघालेला. नवे भाग मुंबईहून यायचे, तोवर नोकरी राहील का याची त्याला धास्ती. आबांनी त्याच्याकडे न बघता पंख्यावर पेराने टकटक केली, कान लावला, आणि म्हणाले, "बोलतो. टोक गेलं, पन गाभा बोलतो."

"मिस्त्री, हा पंखा आहे. गाडीचं जू नव्हे," वैमानिक म्हणाला.

"तुटक्या बाजूयेवढी दुसरी बाजू कापायची. मंग दोन्ही सारख्या. मधी चूक काय?"

वैमानिक हळूच म्हणाला, "तोल गेला तर इंजिन निखळून पडेल."

"तोल माज्यावर सोड."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. वैमानिक आमच्या पडवीत झोपायचा, आईच्या हातचं कुळीथ खायचा, संध्याकाळी आम्ही शेतात मडकं उपडं घालून वालाच्या शेंगा भाजायचो आणि तो वरून सह्याद्री कसा दिसतो ते सांगायचा. आबांनी पंख्याच्या मधल्या भोकात गुळगुळीत सळई घातली आणि ती दोन पाटांच्या कडांवर ठेवली. जड पातं आपोआप खाली जायचं. आबा काचेच्या तुकड्याने त्याला कणभर खरवडायचे, परत ठेवायचे, परत कणभर. गाडीच्या चाकाला ते असंच करत. शेवटी पंखा जसा ठेवावा तसा राहू लागला, उभा, आडवा, तिरका. वैमानिकाने स्वतः फिरवून पाहिला आणि आबांना मिठी मारली. पिचलेल्या दांड्याला बांबूच्या कांबी लावून त्यावर ओलं कातडं आवळलं. ते वाळलं तसं लोखंडासारखं घट्ट झालं. आणि पंखाच्या फाटीला ठिगळ लागलं ते माझ्या खादीच्या धोतराचं. त्यावर आईने घोंगडीला लावतात तशी चिंचोक्याची खळ शिजवून लावली. वाळल्यावर आबांनी टिचकी मारली, ढोलकीसारखं वाजलं. मी नाचायचाच काय तो बाकी होतो. हातकताईचं सूत आभाळात जाणार! मनात पत्रक तयार झालं होतं, उद्गारचिन्हांसकट.

"काय द्यायचं तुम्हाला?" वैमानिकाने विचारलं.

"फेरी," आबा म्हणाले.

मी त्याला रिवाज समजावून सांगितला. तो आधी हसला, मग आबांचा चेहरा बघून थांबला. सगळ्या गावासमोर त्याने आबांचा हात हातात घेतला. "दिली, मिस्त्री. पुढच्या बैठकीत तुम्ही. शब्द." धाकू ओरडला, "राघोबा, वर गेलास तर आमच्या घराची कौलं बघ रे, कुठं फुटलीत!" आई घरी जाऊन देवापुढे बसली. घाबरली होती, पण मुंडासं तिनेच धुतलं.

मग अडचण आली. वैमानिकाने शेत पावलांनी मोजलं आणि मान हलवली. पंखा आखूड झाला म्हणजे ओढ कमी. एकटा असेन तर कसाबसा उठेन, दोघं असलो तर समोरच्या आंब्यात जाऊ. हे त्याने सरळ सांगितलं, आणि तेवढं तरी सांगितलं म्हणून मी आजही त्याला पुरता नालायक म्हणू शकत नाही. आबा रात्रभर कूस बदलत होते. सकाळी म्हणाले, "घाटात ओंडक्याची गाडी उतारावर कशी थोपवतो? दोर झाडाला, दोराला फास, फासात खुंटी. बैल जुपून तयार झालं की खुंटीवर एक ठोका. हा तुजा बैल थांबल्या जागी पुरता भडकू दे. सगळी ताकद आली की मी खुंटी उडवतो. धावत धावत जोर धरायचा कशाला? जोर धरूनच धावायचं." वैमानिकाने वाकून आबांच्या पायांना हात लावला. मी पाहिलेलं आहे हे.

म्हणजे त्या दोराचं आणि खुंटीचं डोकं आबांनी चालवलं ते स्वतःचं वजन वर नेण्यासाठी. विमान एकट्याला घेऊन उठलंच असतं. हे लक्षात ठेवा.

वैमानिक म्हणाला, आधी एक गिरकी वजन ठेवून मारतो. मिस्त्रींच्या भाराचं काहीतरी त्यांच्या जागी बांधू. ते सुखरूप उतरलं की मग मिस्त्री. रास्त बोलणं. धाकू म्हणाला, "नदीतले धोंडे घाला." आबा भडकले. "माज्या जाग्यावर धोंडा बसवतोस? मी काय मेलोय?" शेवटी ठरलं, तांदूळ. वाण्याचा मोठा तराजू आंब्याच्या फांदीला टांगला, एका पारड्यात आबा मांडी घालून बसले, दुसऱ्यात आई आमच्या कणगीतला तांदूळ ओतत राहिली. "सकाळची भाकर खाल्लीत ना? बगा, माजा तांदूळ वाढला," ती म्हणाली आणि सगळं शेत हसलं. पोतं शिवून पुढच्या बैठकीत पट्ट्याने आवळलं. आबांनी स्वतःच आवळलं. वर आपलं मुंडासं ठेवलं. मग परत उचलून घेतलं, म्हणाले, "नाय, ते माज्याबरोबर."

सकाळ होती. वारा कळावा म्हणून शेताच्या टोकाला पेंढा पेटवून धूर केला होता. खुंटीवर ठोका मारायचं काम माझं ठरलं होतं, पण या पहिल्या गिरकीला आबांनी मोगरी माझ्या हातातून घेतली. "आण. तुजा नंबर मी बसल्यावर." वैमानिक बैठकीत चढण्याआधी त्यांच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "एक गिरकी, मिस्त्री. मग तुम्ही." त्याने डोळे वळवले नाहीत, चाचरलाही नाही. इतक्या वर्षांत तो चेहरा मी किती वेळा पुन्हा पाहिला असेन. मला त्यात काही सापडलं नाही.

इंजिन भडकलं. दोर ताणून सतारीच्या तारेसारखा झाला, वालाची झुडपं आडवी पडली, बायकांनी पदर धरले. वैमानिकाने हात वर केला. आबांनी एकच ठोका मारला. खुंटी उडाली, फास सुटला, आणि ते विमान बैल बुजावा तसं निघालं. आंब्याच्या शेंड्यावरून गेलं तेव्हा माझ्या धोतराचं ठिगळ उन्हात पांढरं चमकलं. सगळं रान ओरडत होतं. आबांनी मोगरी टाकली आणि मुंडासं बांधायला घेतलं.

विमानाने एक गिरकी घेतली. आमच्या डोक्यावरून इतकं खाली आलं की पुढच्या बैठकीतलं पोतं दिसलं. वैमानिकाने हात हलवला. मग ते सावित्री नदीच्या वळणावरून महाडच्या अंगाला गेलं, लहान झालं, आणि दिसेनासं झालं.

"लांबून वळत असंल," आबा म्हणाले.

हळूहळू माणसं पांगली. धाकूने जाताना, "गाडी छूट गई, राघोबा," असं म्हणून हसायचा प्रयत्न केला आणि त्यालाच ते जमलं नाही. आबा धुराजवळ गेले. पेंढा संपत आला की नवा टाकायचे. "धूर नसंल तर त्याला वारा कसा कळंल?" मी म्हटलं, "आबा, चला आता." ते म्हणाले, "तू हो पुढं." सूर्य डोंगराआड गेला तेव्हा आई भाकरी घेऊन शेतात आली. आबांच्या डोक्यावरचं मुंडासं तिने हाताने सोडवलं, घडी केली, काखेत घेतलं. "चला," म्हणाली, "तांदूळ पोचला असंल ममईला." आबा तिच्याबरोबर उठले. हात झटकले नाहीत.

पुढे मुंबईच्या एका वर्तमानपत्रात धाडसाची हकिगत छापून आली. वैमानिकाने प्रसंगावधान राखून जंगलात विमान कसं दुरुस्त केलं. 'स्थानिक लोकांनी कुतूहलाने साहाय्य केले.' कुतूहलाने! मी दौत काढून बसलो. आणि पहिल्याच ओळीला अडलो. तो गोरा असता तर माझ्याकडे विशेषणं पोत्याने होती. आपल्याच माणसासाठी एकही नव्हतं. तरी लिहिलं असतं. पण आबांनी हातातून टाक काढून घेतला. "माज्या कामाचा कागद करू नको. येईल तो. नाय आला तर त्याला काय अडचण असंल." पडवीसमोरून जाता-येता लोक चेष्टा करत, "राघोबा, तुमचा तांदूळ शिजला का नाय?" पूर्वीचे आबा असते तर वाकस घेऊन धावले असते. आता ते लाकूड तासत राहत. जेवताना बढाई बंद झाली. कोणकोणत्या गाड्या केल्या हे कुणी विचारलं तर सांगत, पण विमानाचं नाव काढत नसत. ते काम झालेलं नव्हतं.

स्वराज्य आल्यावर कितीतरी वर्षांनी एका सभेत एक निवृत्त वैमानिक भेटले. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, त्या शेतात एकदा आपटलेला माणूस पुन्हा कशाला उतरेल? शहाणा असेल तर नाहीच उतरणार." त्यांनी समजूत घातली, पण माझ्या अंगाचा जाळ झाला. मग हे आमच्या त्या वैमानिकाला खुंटी उडायच्या आधीच ठाऊक असणार. पोतं शिवताना ठाऊक असणार. सांगायचं होतं! आबांनी कचकचीत शिवी हासडली असती, थोडा वेळ तोंड फिरवून बसले असते, आणि मग उठून खुंटी ठोकलीच असती, मुंबईपर्यंत सुखरूप जा म्हणाले असते. त्या माणसाने एका शेतातून उठण्यासाठी खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. हेच मला आजही सहन होत नाही.

आबा तापात गेले. शेवटच्या दिवशी त्यांचा हात गोधडीवर पेरांनी टकटक करत होता. आईने विचारलं, "काय होतंय?" म्हणाले, "येक काम हातावर ऱ्हायलं गो." तिला कळलं, मला कळलं. आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत राहिलो.

आता सरकार माझ्यासारख्या जुन्या कैद्यांना सत्काराला दिल्लीला बोलावतं. नातू विमानाचं तिकीट काढून आणतो, म्हणतो, आजोबा, दोन तासांत पोचाल. मी आगगाडीने जातो, हाडं खिळखिळी करून. पोरांना वाटतं म्हातारा घाबरतो. वाटू दे. सुताराची फेरी व्हायच्या आधी त्याच्या घरच्यांनी गाडीत बसायचं नसतं.